रामीबाईची जागा

पोहरादेवीकडच्या मालेगावच्या बसस्टँडवर उतरून जगदेवरावांचं घर विचारलं, की पानठेलेवाला आधी हसून घेतो. "धूपघडीवाले ना? सरळ जा, दालमिलच्या मागं. ज्या घरी चाळीस घड्या हायेत अन् एकीलेबी चावी द्या लागत नाई, ते त्याईचं घर."

चाळीस हा आकडा पानठेलेवाल्याचा. खरा आकडा त्रेचाळीस होता आणि तो जगदेवरावांच्या वहीत तारखेसकट लिहिलेला होता. हैदराबादच्या जुम्मेरात बाजारातून आणलेलं, घडी घालून खिशात मावणारं पितळी सूर्यघड्याळ. पाडलेल्या एका डाकबंगल्याच्या अंगणातली ओतीव लोखंडाची तबकडी. नाशिकच्या भंगारवाल्याकडची संगमरवरी चकती, जिच्यावर आकडे रोमन आणि भेगा देशी. शिवाय सूर्यघड्याळाच्या आकाराचं पेपरवेट, सूर्यघड्याळाचं चित्र असलेल्या सहा बशा आणि घरात कोणी बिडीसुद्धा ओढत नसताना एक राखदाणी. त्यांच्या पत्नी तुळसाबाई या सगळ्यांवरची धूळ पुसायच्या आणि पुसता पुसता विचारायच्या, "पावसाळ्यात चार महिने ह्या सगळ्या सुट्टीवर. मंग ठेवता कायले?"

जगदेवराव चौतीस वर्षं मोजणी खात्यात होते. जिल्ह्यातले कितीतरी धुरे, म्हणजे शेतांचे बांध, त्यांच्या मोजणीच्या साखळीखालून गेले. भावाभावांनी कुऱ्हाडी काढलेल्या शेतात उभं राहून त्यांनी मोजणी पुरी केली होती आणि एकदा रोवलेला हद्दीचा दगड कोणाच्या धमकीनं की कोणाच्या जेवणावळीनं बोटभरही सरकू दिला नव्हता. "रोवलेला दगड अन् दिलेला शब्द हलवाचा नाई," हे त्यांचं पालुपद. निवृत्तीनंतर मुलगा हरीओम पुण्याला बोलावत होता. हे गेले नाहीत. ऊन पुण्यालाही आहे, पण तुझ्या फ्लॅटला अंगण कुठं आहे, असं त्याला फोनवर ऐकवलं.

चव्वेचाळिसावं सूर्यघड्याळ त्यांना सापडलं ते स्वतःच्याच जुन्या डायरीत. पोहरादेवीच्या अलीकडच्या एका तांड्यावर सत्तावीस वर्षांपूर्वी ते मोजणीला गेले होते, त्या दिवसाची नोंद होती: 'विहिरीजवळ अकरा दगड, अर्ध्या गोलात. मध्ये पाट्यासारखा लांब दगड. हद्दीचे नाहीत. कशासाठी?' त्या वेळी त्यांनी ते मोडक्या ओट्याचे दगड समजून सोडून दिले होते. आता जेवणानंतर पान चघळत ती ओळ वाचताना त्यांचं तोंड चालायचं थांबलं. मधल्या दगडावर माणूस उभा राहिला, तर त्याची सावली दिवसभर त्या अकरा दगडांवरून फिरेल. काटा नको, पत्रा नको. उभा माणूस हाच काटा. असलं सूर्यघड्याळ त्यांनी पुस्तकात पाहिलं होतं, आणि पायाशी आलेलं ओलांडून गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ते निघाले.

एप्रिलचा दुसरा आठवडा होता. तांड्यावरची निम्मी घरं कुलपात होती, ऊसतोडीच्या टोळ्या अजून परतल्या नव्हत्या. गोविंदसिंग नावाचा पंचावन्न-साठीचा माणूस गुडघ्यामुळं टोळीत जायचा थांबला होता, तो भेटला. त्यानं गाजरगवत बाजूला सारून दगड दाखवले. मधला दगड काळा, माणसाच्या लांबीचा, आणि त्यावर पावलांचे खळगे. सात जोड्या, एकापुढं एक.

"महिन्यापरमानं पाय सरकवाचे," गोविंदसिंग म्हणाला. "ह्या हिरीत चार घरचा हिस्सा. सावली तिसऱ्या दगडावर आली का पहिल्याची मोट सुटली, दुसऱ्याची जुपली. पयले काठी रोवत होते म्हने. पन काठी कोनीबी वाकवते, साहेब. रातची उपटून हातभर सरकवते. मंग डोके फुटत. म्हनून मानूस उभं केलं. मानसाले कोन वाकवन? मानसं मोटेवर, म्हनून बाया उभ्या राहत. मंग मोटर आली अन् हे राह्यलं पडून."

"मले देता?"

"न्या ना. पन याडीले विचारा." याडी म्हणजे आई.

आई, रामीबाई, कडुनिंबाखाली पोत्यावर बसली होती. वय पंच्याऐंशीच्या पुढं, पाठीचा बाक झालेला, हातांवर गोंदण. तिनं पैशाचं नावही काढलं नाही. जगदेवरावांकडं पाहून तिनं एकच विचारलं, "उभं राह्याले मानूस हाय का तुमच्याकडं?"

जगदेवराव इतके खूश होते की हसले. "मी हाय ना, माय. मीच राह्यतो उभा."

"शबूद देता?"

"दिला."

बोलणं चाललं होतं तेवढ्यात झाडाची सावली सरकली, तशी म्हातारीनं बूड न उचलता पोतं मागं ओढलं. ऊन तिच्या पायाच्या अंगठ्यापाशी येऊन थांबलं. जगदेवरावांना ते फार आवडलं. सावलीचा इतका नेमका हिशेब ठेवणारं माणूस त्यांना आजवर भेटलं नव्हतं.

दगड ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आले. जगदेवरावांनी होकायंत्रावर भरवसा न ठेवता काठीच्या सकाळ-दुपारच्या सारख्या सावल्या घेऊन उत्तर दिशा काढली, सुतळी ताणली आणि तांड्यावर जसे होते तसे अंगणात रोवले. तुळसाबाई कमरेवर हात ठेवून पाहत होत्या. "आता मी कुरड्या वाळू कुठी घालू? तुमच्या डोक्यावर?"

बांबू उभा करून त्यांनी दगड तपासले. सावली ज्या वेळी ज्या दगडावर यायला हवी, आली. स्वतः मात्र ते चढले नाहीत. पहिला पाय मुहूर्तावर ठेवायचा होता. आपल्याकडं वर्षातून दोनदा सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली पायाखाली गडप होते. मालेगावला हे होतं मेच्या एकवीस तारखेला बारा वाजून अठरा मिनिटांनी आणि जुलैच्या बावीस तारखेला बारा अठ्ठावीसला. भिंतीवरच्या कॅलेंडरात जगदेवराव दर जानेवारीत या दोन्ही तारखा लाल शाईनं, मिनिटांसकट लिहून ठेवत. एकवीस मेला तीन आठवडे होते.

पहिल्यांदा कुत्र्याला कळलं.

शेजारचं तांबडं कुत्रं उन्हाळाभर यांच्या बाजेखाली पडायचं. मेच्या पहिल्या आठवड्यात, पारा त्रेचाळीसवर असताना, ते बाज सोडून भर अंगणात फरशीवर पसरलं. तुळसाबाईंनी दारातून हाकललं. ते उठलं, दोन पावलं गेलं, परत तिथंच येऊन पडलं.

"ह्याले झालं तरी काय?" त्या म्हणाल्या. "सावली सोडून उन्हात पडून राह्यलं."

सकाळी दहाला ते पश्चिमेकडच्या दगडांशी होतं. दुपारी चारला पूर्वेकडच्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी जगदेवरावांनी घड्याळ हातात घेऊन पाहिलं, तर कुत्रं तासातासाला उठून एकेक दगड पुढं सरकत होतं. त्याच्या अंगावर ऊन होतं. लख्ख, केसन्केस दिसावा असं ऊन.

जगदेवराव खाली बसले आणि त्यांनी कुत्र्याशेजारी फरशीवर तळवा टेकला. फरशी गार होती. वीतभर बाजूला टेकला आणि झटक्यानं उचलला.

त्यांनी थर्मामीटर आणला, आधी एक, मग भरवसा नको म्हणून दुसरा, आणि दोन्हींची जागा बदलूनही पाहिली. फरशी छपन्न अंश. कुत्र्याशेजारची पट्टी एक्केचाळीस. वहीत आकडे लिहिले, खाली वेळ लिहिली. 'कारण' या रकान्यात काही लिहिलं नाही. खाली पाण्याची नळी गेली असेल म्हणून फावड्यानं फरशीची एक सांध उकरून पाहिली. कोरडा मुरूम निघाला.

आठ तारखेला दुपारी चार वाजता त्यांनी कुत्र्याला बांधून घातलं आणि अंगणात पाच बादल्या पाणी ओतलं. तापल्या फरशीवरून वाफ निघाली. कडेची फरशी बघता बघता पांढरी पडली, मग मधली. एक तुकडा ओला राहिला.

तो मधल्या दगडापासून निघून पूर्वेला पसरला होता. खाली घेर, घागऱ्याला असतो तसा. वर निमुळता होत गेलेला. डावीकडं कोपराचा त्रिकोण, म्हणजे हात कमरेवर. डोक्याशी ओढणीखाली बांधलेल्या केसांचा उंचवटा.

चौतीस वर्षांची सवय जगदेवरावांच्या हातात होती. त्यांनी चार फुटी काठी ओळंब्यानं सरळ उभी केली. तिची सावली भरली पाच फूट तीन इंच. ओल्या आकृतीला टेप लावला, सहा फूट चार इंच. वहीवर त्रैराशिक मांडलं. उत्तर आलं चार फूट दहा इंच.

तुळसाबाई दारात आल्या होत्या. त्यांनी पदर डोक्यावरून घेतला.

"बाईमानूस हाय," त्या हळूच म्हणाल्या. "किती येळची उभी हाय, विचारा तरी तिले."

दहा तारखेला जगदेवराव पुन्हा तांड्यावर गेले. टोळ्या आता परतत होत्या, ट्रकमधून भांडीकुंडी उतरत होती, पोरं नव्या चपला घालून पळत होती. रामीबाई त्याच कडुनिंबाखाली त्याच पोत्यावर होती. गोविंदसिंग चहा सांगायला घरात गेला.

"माय, तरन्यापनी तुमी किती उंच होत्या?"

"तुमी मोजून आले असानच," म्हातारी म्हणाली.

तिनं इकडंतिकडं पाहिलं. मग सावकाश हात लांब केला, झाडाच्या सावलीबाहेर, उन्हात. गोंदणाचे हिरवे ठिपके उन्हात स्पष्ट दिसले. बोटं हलली. खालची जमीन तशीच पांढरी, सपाट राहिली. तिच्यावर काहीच उमटलं नाही.

तिनं हात आत घेतला.

"उभं राह्यलेल्यानं आपल्या मनानं उतराचं नाई," ती सांगू लागली. "हा नेमच होता. सावली पायाखाली जाते त्या दिवशी दुसरीनं येऊन पाय ठेवाचा, मंग पहिलीनं काढाचा. माझ्या बाद माझी जाऊ होती, चंदा. त्या साली ती टोळीत गेली. कारखाना लांबला, टोळी आली नाई. अन् हिकडं मोटर बसली. लोक म्हने, आता कायले उभी राह्यतेस रामी? वाट पाह्यली. पाय पोळले. मंग उतरली." तिनं उन्हाकडं बोट केलं. "सावली उतरली नाई."

"मंग चंदाबाईनं नंतर..."

"थे तिकडंच वारली." म्हातारीनं तोंडावरून हात फिरवला. "तीनदा खाली घेतलं मले, भाऊ. बाजेवरून जमिनीवर. तोंडात पानी घातलं, लेकी रडल्या. तीनदा उठून बसली. सारे म्हनते, बुढीची दोरी बळकट हाय. मी कोनाले सांगू, का मी अजून तिथंच उभी हाय म्हनून? उभ्या मानसाले मरन कुठचं?"

गोविंदसिंग चहा घेऊन आला. त्यानं आईला उन्हात कधी पाहिलं होतं का, हे जगदेवरावांनी त्याला सहज विचारलं. तो म्हणाला, "याडीले ऊन सोसत नाई. आमी लहान होतो तवापासून."

चहा पिऊन झाल्यावर जगदेवराव उठले. "एकवीस तारखेले बारा अठराले मी पाय ठेवतो, माय."

रामीबाईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते पुसलंही नाही. पण ती म्हणाली, "हासत देल्ला होता तुमी शबूद. मी धरत नाई. तुमी उभं राह्यले तर तुमाले कोन सोडवन?"

"कोनीच नाई. माझ्यापाशी संपलं."

हे त्यांनी घरी जसंच्या तसं सांगितलं. तुळसाबाई ज्वारी निवडत होत्या, त्यांनी सूप खाली ठेवलं. एवढ्या वर्षांच्या संसारात त्या नवऱ्याला कशाला नको म्हणाल्या नव्हत्या, नुसत्या बोलत राहिल्या होत्या. आता म्हणाल्या, "नका राहू उभं."

"शब्द देल्ला, तुळसा."

"एका बुढीले. नात्याची ना गोत्याची."

"मी दुसऱ्याचे दगड चौतीस वर्सं हलू देल्ले नाई. आता माझाच हलवू का?"

तुळसाबाईंनी सूप उचललं आणि उरलेली ज्वारी निवडली. खडे पुन्हा पुन्हा तेच उचलत होत्या.

एकवीस तारीख उजाडली. आभाळ निरभ्र होतं. बारा वाजता जगदेवरावांनी आंघोळीचं ओलं धोतर दोरीवर टाकलं, कोरडं नेसले, चपला दाराशी काढल्या. गोविंदसिंगाचा नंबर काढून मोबाईल तुळसाबाईंच्या हाती दिला.

बारा दहाला अंगणातल्या त्रेचाळीस घड्याळांचे काटे जेमतेम नखभर सावली टाकत होते.

बारा पंधराला कुत्रं मधल्या दगडापासून उठलं आणि बाजेखाली गेलं.

बारा सतराला बांबूची सावली बांबूत शिरली. तुळशीवृंदावनाची वृंदावनात. दोरीवरच्या धोतराची एक बारीक रेघ तेवढी फरशीवर राहिली.

बारा अठरा.

जगदेवरावांनी खळग्यात उजवा पाय ठेवला. मग डावा.

दगड पोळायला हवा होता. तो गार होता आणि ओलसर, नुकतंच कोणी उठून गेलेल्या जागेसारखा नाही, तर अजून कोणी उभंच असल्यासारखा. त्यांच्या पावलांखालून काहीतरी निसटलं. आधी एका पायाखालून, मग दुसऱ्या. कोणी बाई घागरा सावरत पायरी उतरावी, तसं.

मग दगड पोळू लागला.

ते उतरले. अंगणात सगळ्या वस्तूंच्या सावल्या हळूहळू पुन्हा बाहेर येत होत्या. जगदेवरावांनी आपल्या पायांकडं पाहिलं, मग डोळे मिटले, पुन्हा पाहिलं. मग ते ओसरीत जाऊन बसले.

बारा पंचविसाला फोन वाजला. तुळसाबाईंनी तो कानाला लावला, ऐकला आणि खाली ठेवला.

"बुढी उठली म्हने," त्यांनी सांगितलं. "कोनाचा हात न धरता उन्हात चालत गेली. हिरीपाशी उभी राह्यली, खाली पाहून हासली. मंग बसली. गेली."

अंत्ययात्रेला जगदेवराव छत्री घेऊन गेले. ऊन उतरणीला लागलं होतं, माणसांच्या सावल्या लांबच लांब पडल्या होत्या आणि सगळे खाली मान घालून रडत होते, म्हणून कोणाचं लक्ष गेलं नाही. फक्त तुळसाबाई मागून बायांमध्ये चालत होत्या. त्यांनी पाहिलं, छत्रीची गोल सावली रस्त्यावर एकटीच चालली होती.

त्यानंतर जगदेवराव उन्हात जाईनासे झाले. ज्या माणसानं आयुष्यभर ऊन अंगावर घेतलं, तो सकाळी उजाडायच्या आत आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर बाहेर पडू लागला. घड्याळं अंगणात चालत होती आणि हे ओसरीतून मान लांब करून पाहत होते. पेपरवेट आणि राखदाणीही कपाटात गेली. कुत्रं पुन्हा दगडांमागून दगड सरकत होतं. एकदा त्यांना राहवलं नाही, त्यांनी आतूनच बादली भिरकावली. फरशी वाळली. ओली राहिली ती आकृती हिशेबानं पाच फूट सहा इंचांची होती आणि तिच्या कानाशी चष्म्याची काडी होती. तक्रार त्यांनी एका शब्दानं केली नाही. एका म्हातारीला सोडवलं याचं त्यांना समाधान होतं, आणि ते खरं होतं.

एके दिवशी जेवताना तुळसाबाईंनी विचारलं, "दगड फोडून टाकला तर?"

"तवा फोडला असता तर तिच्यासकट फुटला असता. आता माझ्यासकट नाई फुटनार?"

तुळसाबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ताटात ठेवला. "मंग तुमालेबी तीनदा खाली घ्या लागन का?"

जगदेवरावांनी वरणाची वाटी जवळ ओढली. "मी दुसऱ्या कोनाले त्या जागेवर उभं करनार नाई, तुळसा," एवढंच ते म्हणाले. "हाबी शब्दच समज."

"तुमचे शब्द मले माहीत हायेत," तुळसाबाई म्हणाल्या आणि ताट घेऊन उठल्या.

जूनमध्ये पाऊस आला. ऊनच नाही म्हटल्यावर जगदेवराव दिवसा बाहेर पडू लागले, थोडे हसूही लागले. ढगांखाली सगळी माणसं सारखीच. सोयाबीन गुडघ्याला आलं. जुलैची बावीस तारीख सकाळपासून काळीकुट्ट होती, सावलीच नाही म्हणून जगदेवरावांनी कॅलेंडरातल्या लाल शाईकडं पाहिलंही नव्हतं; दहाच्या सुमाराला एक सर येऊन गेली. साडेअकराला तुळसाबाईंनी गव्हाचा डबा त्यांच्यापुढं आणून आदळला.

"दळन संपलं. चक्कीवर जाऊन या."

"आत्ता? गर्दी असन."

"मंग थांबा थोडं. दळून घेऊनच या, ठेवून येऊ नका. मांगच्या बारी त्यानं बाजरीवर दळून देल्लं."

चक्कीवर खरंच सात डबे पुढं होते. जगदेवराव बाकावर बसले, चक्कीवाल्याशी सोयाबीनच्या भावावर वाद घातला, पीठ हातात घेऊन बारीक की जाड ते पाहिलं. परतेपर्यंत एक वाजून गेला. तुळसाबाई ओसरीत पोत्यावर बसून पाय पुसत होत्या. घोट्यापर्यंत ओले, चिखलाचे.

"अंगनात गेलती का?"

"दोरीवरचे कपडे काहाडले. पानी येऊन राह्यलं ना." त्यांनी डबा घेतला, पीठ चिमटीत घेऊन पाहिलं आणि या वेळी चांगलं दळलं म्हणाल्या.

त्या रात्री त्यांनी पुरणपोळी केली. सण कोणता, असं विचारलं तर म्हणाल्या, मन झालं.

तीन दिवस झड लागली. चौथ्या दिवशी सकाळी आठ-साडेआठला ढग फाटले आणि अंगणात सोन्यासारखं ऊन पडलं. जगदेवराव हातपंपावर तोंड धूत होते. छत्री घ्यायला ते मागं वळणार, तोच त्यांचं लक्ष खाली गेलं.

पायांपासून एक सावली निघाली होती. जुनी, ओळखीची. कानाशी चष्म्याची काडी.

त्यांनी हात वर केला. तिनं केला. त्यांनी दोन्ही हात वर केले, तांब्या खाली पडला, घरंगळत गेला. आणि साठी उलटून गेलेले जगदेवराव ओल्या अंगणात लहान पोरासारखे नाचले.

"तुळसा! अवं, भाहीर ये! लवकर ये, पाह्य इकडं!"

तुळसाबाई पदराला हात पुसत आल्या. ओसरीची सावली जिथं संपते तिथं, उंबरठ्याच्या अलीकडं, थांबल्या. ऊन त्यांच्या पायाच्या अंगठ्यापाशी होतं.

"दिसलं मले," त्या हसून म्हणाल्या. "बरं झालं."

"अवं, अशी दुरून काय पाह्यतेस? इकडं ये."

तांबडं कुत्रं बाजेखालून उठलं, अंगणात गेलं, तिसऱ्या दगडाशी दोनदा गोल फिरलं आणि पसरलं. या वेळी गार जागा तोकडी होती, त्याला पाय जरा आखडून घ्यावे लागले.

"मी इथंच बरी," तुळसाबाई म्हणाल्या. "उन्हात कायले येऊ?"